लाटांसमोरची खोली की आतलं शेतघर? उन्हाळ्याच्या शेवटच्या जोडसुट्टीचा हिशेब

उन्हाळा सरत आला की एक जोडून सुट्टी हाताशी येते आणि घरात तोच वाद सुरू होतो. एकाला डोळे उघडल्याबरोबर समुद्र हवा, दुसऱ्याला गर्दी नको. मी दोन्हीकडे राहून पाहिलंय. एकदा अगदी वाळूला लागून, आणि नंतर बऱ्याचदा आठ-दहा किलोमीटर आत, शेतातल्या घरात. माझं मत आता आतल्या बाजूला झुकलंय, पण त्याला अपवाद आहेत आणि ते लहान नाहीत.

आधीच सांगते, हे सगळं मध्यम अक्षांशांवरच्या किनाऱ्यांबद्दल आहे. जिथे उन्हाळ्यामागोमाग पावसाळा येतो तिथे ‘उन्हाळ्याची अखेर’ म्हणजे मे महिना, आणि तेव्हा समुद्र खवळायला लागलेला असतो. तिथला हिशेब वेगळा.

किनाऱ्याच्या बाजूने बोलण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पाणी. समुद्र तापायला वेळ घेतो, तसा निवायलाही घेतो. उत्तर गोलार्धात सूर्य जूनमध्ये सर्वांत वर असतो, पण पाणी सर्वांत कोमट होतं ते ऑगस्ट-सप्टेंबरात. जूनमध्ये घोटाभर पाण्यात किंचाळून मागे फिरणारी माणसं आता अर्धा-अर्धा तास बाहेर यायला तयार नसतात. त्यातून बरोबर तीन-चार वर्षांचं मूल असेल, किंवा गुडघे दुखणारं कुणी असेल, तर दोनशे पावलांवर आपली खोली असणं हे सुख मोजता येत नाही. ओले कपडे बदलायचेत, मूल झोपलंय, टोपी विसरली, सगळ्याला उत्तर एकच: जाऊन येते. आत राहणाऱ्याला यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी गाडी काढावी लागते. रात्रीही किनाऱ्यावर फार गारठत नाही, कारण दिवसभर तापलेलं पाणी शेजारीच असतं.

आता दुसरी बाजू. ती एका वर्षी फार महागात पडली म्हणून जरा सविस्तर सांगते.

छायाचित्रात पायऱ्यांपाशी पाणी दिसत होतं, म्हणून तीन दिवसांसाठी ती खोली घेतली. पोहोचलो दुपारी अडीचला. मुलं पोहायचे कपडे घालूनच गाडीतून उतरली आणि पायऱ्यांवर थबकली. समोर समुद्रच नव्हता. अर्धा किलोमीटर ओला, चकाकता गाळ, मध्ये एक होडी कुशीवर कलंडलेली, आणि पाणी म्हणावं तर क्षितिजाजवळ एक राखाडी रेघ.

चूक खोलीची नव्हती, आम्ही तिथी पाहिली नव्हती. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढची भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच भरती किंवा ओहोटी जवळपास 50 मिनिटं उशिरा. पहिल्या दिवशी ओहोटीचा तळ अडीचला, तर दुसऱ्या दिवशी सव्वातीनच्या पुढे, तिसऱ्या दिवशी चारनंतर. थोडक्यात, तिन्ही दुपारी आम्ही चिखल पाहत बसलो. त्यात दिवस पौर्णिमेच्या लगेच नंतरचे, म्हणजे उधाणाचे. तेव्हा भरती सर्वांत वर येते तसं पाणी मागेही सर्वांत लांब जातं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, हा फरक बराच कमी असतो. आणखी एक गंमत: अशा किनाऱ्यांवर एकाच जागी उधाणाची ओहोटी दर वेळी दिवसाच्या साधारण त्याच वेळेला येते. त्यामुळे एखाद्या गावाला ‘दुपारी पाणी नसतं’ असं कुणी म्हणालं, तर निदान पौर्णिमा-अमावास्येपुरतं ते खरं असतं.

हे सगळीकडे लागू नाही. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक अर्धा मीटरही नसतो, तिथे बिनधास्त पाण्यासमोर राहा. उलट कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो 16 मीटरपर्यंत जातो.

आत राहण्याचा खरा फायदा इथे आहे. समुद्र जेव्हा असेल तेव्हाच तुम्ही त्याच्याकडे जाता, आणि कुठल्या समुद्राकडे जायचं तेही सकाळी ठरवता. दोन किनारे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतील, तर एकावर वारा असताना दुसरा शांत सापडतो. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत यायला लागतो. दुपारपर्यंत तो इतका वाढू शकतो की वाळू पोटऱ्यांना टोचते. किनाऱ्यावर राहणारे तेव्हा खिडक्या लावून खोलीत बसतात. आतली मंडळी झाडाखाली.

त्या झाडाखाली मात्र गांधीलमाश्या असतात. उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांच्या पोळ्यांत अळ्या कमी होतात, अळ्यांकडून मिळणारा गोड स्राव आटतो, आणि मग त्या तुमच्या ताटावर येतात. शिवाय कापणीचे दिवस. अरुंद रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे वीस मिनिटं रांगावं लागेल, शेणखताचा वास येईल, आणि रात्री किनाऱ्यापेक्षा चांगलाच गारठा पडेल. खोलगट जागी सकाळी उशिरापर्यंत धुकं बसतं. जाड स्वेटर घ्याच, मी दोनदा विसरलेय.

अंधार मात्र आतलाच खरा. सुट्टी अमावास्येला लागून असेल तर आकाशगंगा अंगणातून दिसते, आणि समुद्रावर उधाणही असतं, म्हणजे ओहोटीला खडकांतली डबकी पाहायला मिळतात. पौर्णिमेला डबकी तशीच, तारे नाहीत.

खाडीकाठ हा तिसरा पर्याय लोक सुचवतात. पाणी शांत, होडी चालवायला उत्तम, पण ओहोटीला चिखल आणि संध्याकाळी डास. एका रात्रीपुरता ठीक.

एक गोष्ट दोन्हीकडच्यांसाठी. उत्तर अटलांटिकमधला वादळांचा हंगाम सरासरीने 10 सप्टेंबरच्या सुमारास टोकाला असतो, आणि हजारो किलोमीटरवरच्या वादळाच्या लाटा निरभ्र आकाशाखाली येऊन आदळतात. तेव्हा किनाऱ्यापासून खोल समुद्रात ओढणारे प्रवाह जोर धरतात. याच सुमारास अनेक किनाऱ्यांवर जीवरक्षक कमी होतात किंवा जातात. ओढ लागली तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडा. लाटांसमोर राहणाऱ्यांना पाणी सतत खुणावत असतं, म्हणून हे त्यांनी जास्त लक्षात ठेवावं.

मग ठरवायचं कसं? मी आता खोलीचे फोटो नंतर पाहते, आधी त्या तीन दिवसांचं भरतीचं वेळापत्रक. भरती सकाळी अकरा ते दुपारी तीनमध्ये येत असेल आणि बरोबर लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल, तर किनारा. भरती पहाटे आणि संध्याकाळी असेल, तर आत. सगळे धडधाकट असतील तर वेळापत्रक न पाहताही आत.

आणि परतीचा दिवस? किनाऱ्यावरच्या गावात जायला-यायला बऱ्याचदा एकच रस्ता असतो आणि शेवटच्या दिवशी सगळं गाव त्याच रस्त्यावर येतं. त्या वर्षी पहिल्या चार किलोमीटरला आम्हाला सव्वा तास लागला. उजव्या खिडकीतून भरती मात्र छान दिसत होती, पाणी अगदी पायऱ्यांना लागलं होतं.