शीर्षकगीत: जुनं घ्यावं की नवं करावं?

आमच्या जळगावच्या घरात संध्याकाळी टीव्ही बघितला कमी, ऐकला जास्त जातो. आई गॅसवर भरताची हिरवी वांगी फिरवत असते. शीर्षकगीत कानावर पडलं की हात पुसत बाहेर येते.

2011 साली ‘बडे अच्छे लगते हैं’ सुरू झाली, तेव्हा शेजारच्या मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “हाई ते जुनं गानं शे!” बरोबरच होतं. मुखडा 1976च्या ‘बालिका बधू’तला, चाल आर. डी. बर्मन यांची. जुन्या गाण्याला ओळख करून द्यावी लागत नाही, हा मोठाच फायदा. पण ते आपल्या आठवणीही सोबत आणतं. मावशींचं निम्मं लक्ष मालिकेत नव्हतंच. तो सिनेमा कुठल्या टॉकीजला पाहिला, यातच होतं.

शिवाय जुन्या गाण्याच्या हक्कांची भानगड. अमेरिकेतल्या ‘द वंडर इयर्स’नं शीर्षकासाठी बीटल्सचं गाणं जो कॉकरच्या आवाजात घेतलं, भागांतही अशी ढीगभर गाणी वापरली. 1988ची मालिका; गाण्यांचे हक्क मिळवून डीव्हीडीवर यायला 2014 उजाडलं.

उलट 1999ची ‘आभाळमाया’. शब्द मंगेश कुळकर्णींचे, संगीत अशोक पत्कींचं, आवाज देवकी पंडितांचा. असं नवं गीत पहिल्या आठवड्यात कुणाच्या ओठांवर नसतं; रोज ऐकून ऐकून चढतं. पण आज ते लागलं की मालिकाच आठवते, दुसरं काही नाही.

माझं मत नव्यालाच. फक्त हल्ली ते दहा सेकंदांत उरकतात. आईचे हात पुसून होईस्तोवर संपलेलं असतं.