मगरीच्या डोळ्यांवर सोलापुरी टॉवेल

आधी गुण सांगून टाकते. सोलापुरी चादर : पाचपैकी पाच. सोलापुरी टेरी टॉवेल : साडेतीन, तेही बघून घेतला तर.

घरात अंथरायला-पुसायला हा माल कसा आहे, ते सोलापूरकरांना मी काय सांगणार. माझा वापर वेगळा आहे. चेन्नईच्या दक्षिणेला, अगदी समुद्राला लागून असलेल्या एका केंद्रात मी मगरी, कासवं आणि साप सांभाळते. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण मत माझं एकटीचं आहे. माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात माग होता, त्यामुळे कापड हातात घेतलं की थोडंफार कळतं.

9 डिसेंबर 2022 च्या रात्री मंडूस चक्रीवादळ महाबलीपुरमजवळ किनाऱ्यावर चढलं, म्हणजे आमच्या उशाशीच. मगरी पाण्यातल्याच, त्यांना वादळाचं काय, असं लोक विचारतात. मोठ्या मगरींचं खरंच फार काही करावं लागत नाही. त्या पाण्यात जाऊन पडून राहतात. भीती असते ती झाड कुंपणावर कोसळण्याची आणि तळं काठोकाठ भरून मगर तरंगत बाहेर येण्याची. म्हणून आधी फांद्या छाटायच्या, गटारं मोकळी करायची आणि खाणं थांबवायचं. पावसाने गारठा पडला की यांचं पचन मंदावतं आणि पोटातलं मांस पोटातच कुजतं. उपाशी राहिलेल्या मगरीला काही होत नाही, भरल्या पोटाची आजारी पडते. मग पिल्लं, कासवं आणि साप उचलून पक्क्या खोल्यांत न्यायचे. टॉवेल-चादरींचं खरं काम इथून सुरू होतं.

मगरीचे डोळे झाकले की ती बरीच शांत होते. ओला टॉवेल मागून डोळ्यांवर टाकायचा, जबडा दाबून धरायचा आणि चिकटपट्टी गुंडाळायची. जबडा मिटायचे स्नायू भयंकर ताकदीचे, पण उघडायचे अगदीच कमजोर, त्यामुळे पट्टी पुरते. वारा सुटलेला असताना हॉटेलात मिळतात तसले पातळ टॉवेल उडून जातात, ऐन वेळी मगरीचा एक डोळा उघडा राहतो आणि मग पळापळ. सोलापुरी टॉवेल भिजला की असा जड होतो की टाकला तिथेच बसतो. इथपर्यंत पाच गुण.

दीड गुण कापला तो लूपचा. टेरीचे लूप, म्हणजे कापडावर उभे असलेले धाग्याचे फासे, पिल्लांच्या नखांत आणि दातांत अडकतात, धागा ओढला जातो, पिल्लू बिथरतं. ज्याचे लूप वरून कापून मखमलीसारखे केलेले असतात, तो टॉवेल मागा. दुकानदार म्हणतील त्याने पाणी कमी टिपतं. टिपू दे.

चादरीला हा त्रास नाही. जाड सूत, घट्ट वीण, लूप नाहीत. पेटीत खाली अंथरली की कासवं घसरत नाहीत. आमच्याकडे बाटागुर बास्का जातीची नदीतली कासवं आहेत, जगात फारच थोडी उरलेली. त्यांना पाण्याबाहेर ठेवायचं तर अंग ओलसर ठेवावं लागतं, आणि भिजवून पिळलेली सोलापुरी चादर रात्रभर ओल धरते. अंड्यांचा हंगाम डिसेंबरात नसतो हे आमचं नशीब. मगरी आणि घडियालांची अंडी उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात, त्यात पिल्लू नर की मादी हे उबवणीच्या तापमानावर ठरतं, आणि वादळात वीज तर पहिली जाते.

सापांच्या खोलीत दाराखालच्या फटीत चादरीचीच गुंडाळी ठासतो. हे काम बारीक वाटेल, पण फ्लोरिडात 1992 साली अँड्र्यू हरिकेनमध्ये अजगरांचं एक प्रजननकेंद्र उद्ध्वस्त झालं आणि तिथल्या दलदलीत ब्रह्मी अजगर पसरायला त्याचाही हातभार लागला, असं मानतात. नाग-घोणस पिशवीत ठेवायला आम्ही उशीचे अभ्रे वापरतो, उलटे करून, म्हणजे शिवण बाहेर राहते आणि सुट्या धाग्यात साप गुंतत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याचा पाऊस थेट सोलापूरपर्यंत आला, तेव्हा अम्मा फोनवर म्हणाली, "तुझा समुद्र आपल्या दारात आला गं." घराघरांत साप शिरत होते. गावातल्या एका सर्पमित्राला अभ्र्यांची ही युक्ती फोनवरच सांगितली होती.

आता रंगाबद्दल. लाल आणि मरून चादरी पहिल्या पाण्याला रंग सोडतात. दुकानातच पांढरा रुमाल ओला करून कडेला घासून बघा; दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. नवी चादर खळ आणि रंग निघेपर्यंत धुवायची, त्याशिवाय जनावराजवळ न्यायची नाही. साबणाचा अंशही राहता कामा नये.

खरेदी सोलापूरच्या चाटी गल्लीत केली. ढीग बघून दुकानदारांनी विचारलं, "अक्का, घरात लग्न आहे का?"

"नाही हो, मगरींना पाहिजेत."

ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मग सेकंडचा माल न्या की. मोराची मान चुकलीय, बाकी सूत तेच."

त्यांचं बरोबर होतं. विणीत नक्षी चुकलेल्या चादरी बऱ्याच स्वस्त पडतात आणि टिकायला तितक्याच. फक्त उसवलेली किनार असलेल्या बाजूला काढा, त्यात नख अडकतं. गठ्ठा पाठवताना आतून प्लास्टिक लावून घ्या. माझा एक गठ्ठा वाटेत भिजला आणि पोहोचेपर्यंत त्याला कुबट वास सुटला होता. तसल्या चादरी कडक उन्हात वाळल्याशिवाय पेटीत घालू नका, बुरशीने कासवांची कातडी खराब होते.