३२० रुपये मीटरचं ॲल्युमिनियम

मला फसवलंय हे मला भंगारवाल्याने सांगितलं. दिवाळीची साफसफाई चालली होती. जिन्याखालच्या पिशवीत घराच्या वायरिंगमधून उरलेले तुकडे होते, आणि त्यांच्याबरोबर माझ्या स्पीकरच्या वायरचे दोन हात-हातभर तुकडे. हे तुकडे मी मुद्दाम जपून ठेवले होते, इतकी महागाची वायर टाकवेना म्हणून. भंगारवाल्याने पिशवी फरशीवर उपडी केली, खिशातून छोटी सुरी काढली आणि एकेका तुकड्याच्या टोकावर नुसती घासत गेला. इलेक्ट्रिशियनने टाकलेले साधे लाल-काळे तुकडे एका बाजूला गेले. माझे पारदर्शक, सोनेरी अक्षरं छापलेले तुकडे दुसऱ्या बाजूला, खिडकीच्या जुन्या पट्ट्यांवर पडले.

"अरे, ते तांबं आहे," मी म्हणालो.

"तांबं नाय साहेब, वरून पाणी दिलंय," म्हणत त्याने टोक माझ्यापुढे धरलं. जिथे सुरी फिरली होती तिथे तारा पांढऱ्या होत्या.

त्याला हे ओळखायला फार तर तीन सेकंद लागली असतील. मी त्याच वायरसमोर मार्च महिन्यात एका दुकानात पाऊण तास बसलो होतो.

झालं होतं असं. वडिलांचा ८० च्या दशकातला कॉस्मिकचा ॲम्प्लिफायर मी दुरुस्त करून घेतला होता. ठाण्याच्या नव्या घरात तो एका भिंतीला आणि स्पीकर समोरच्या भिंतीला, त्यामुळे पाइपातून फिरवून प्रत्येक बाजूला १२ मीटर वायर लागणार होती. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडला जावं असं मनात होतं, पण तिथे डुप्लिकेट माल गळ्यात मारतात हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून मी मोठ्या शहाणपणाने एका एसी लावलेल्या ऑडिओ शोरूममध्ये गेलो. पहिला मजला, बूट बाहेर काढायचे, आत गालिचा, आणि "काका, आधी बसा, पाणी घ्या" म्हणणारा एक अत्यंत गोड मुलगा.

त्याने वायर दाखवली. पारदर्शक आवरण, आत लालसर चमकणाऱ्या जाडजूड तारा. त्यावर छापलेलं: १२ गेज, ऑक्सिजन-फ्री कॉपर, ९९.९९ टक्के. शिवाय बाण. आवाज बाणाच्या दिशेने वाहतो म्हणे. स्पीकरच्या वायरमधून प्रत्यावर्ती प्रवाह जातो, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा तो दिशा बदलतो, हे मला दहावीपासून ठाऊक आहे. तरी मी मान डोलावली. एसीत बसून पाणी प्यायलेल्या माणसाला वाद घालवत नाही.

मग त्याने डेमो दिला. स्पीकरची एक जोडी, एक खटका असलेली पेटी. "काका, मी काही बोलत नाही. तुम्ही कानाने ठरवा." आधी 'साधी वायर' लावली. ख्याल चालू होता. तबल्याची चाटी ऐकू येत होती, पण डग्गा कुठे गेला कळेना. गायकाचा आवाज समोरून यायच्या ऐवजी दोन्ही कडांना पसरलेला, कुठून येतोय याचा पत्ता लागेना. मग खट्. 'आमची वायर'. डग्गा असा घुमला की गालिच्यातून तळपायाला जाणवला, आणि गायक नेमका दोन स्पीकरच्या मधोमध येऊन बसला. मी तीनदा मागेपुढे करून ऐकलं. तीनही वेळा तोच फरक. एवढ्यावर कोण नाही म्हणेल?

३२० रुपये मीटर. २४ मीटरचे ७,६८० रुपये. "जीएसटी बिल हवं असेल तर वर लागेल," तो म्हणाला आणि मी अस्सल मध्यमवर्गीय हुशारी करून साधं बिल घेतलं. त्यावर लिहिलं होतं, 'ऑडिओ केबल, १ नग'. मीटर नाही, गेज नाही, कॉपर हा शब्द नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

घरी आवाज चांगलाच लागला. गणपतीच्या सुमारास मात्र डावा स्पीकर खरखरायला लागला. मी ॲम्प्लिफायर जुना झाला म्हणून त्यालाच बोल लावत राहिलो. भंगारवाला गेल्यावर त्या संध्याकाळी स्पीकरमागचा स्क्रू सोडवला तर टोकाच्या तारा बोटात आल्या, मोडूनच. स्क्रूच्या खाचेत पांढुरकी भुकटी. पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून पावसाळाभर दमट हवेत राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, त्याचा तो प्रताप होता.

या प्रकाराला बाजारात सीसीए म्हणतात, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते विकणं हा गुन्हा नाही. हलकं आणि स्वस्त म्हणून लोक ते जाणूनबुजूनही घेतात. त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा त्याचा रोध साधारण दीडपट असतो, एवढं धरून एक आकार जाड घेतलं तर कामही भागतं. ते तांब्याच्या नावाने आणि तांब्याच्या कितीतरी पट दराने विकणं ही फसवणूक.

मी मग इरेला पेटलो. एक तार सोलून गॅसच्या लायटरच्या ज्योतीत धरली: ती मान टाकून वितळली. वायरिंगच्या खऱ्या तांब्याची तार त्याच ज्योतीत लाल झाली, काळवंडली, पण वितळली नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १,०८५ ला. (हे करताना आवरण पूर्ण काढा आणि खिडकी उघडी ठेवा, पीव्हीसीचा धूर वाईट.) ब्लेडने खरवडणं त्याहून सोपं. फक्त एक घोळ होऊ शकतो: कथिलाचा मुलामा दिलेलं चांगलं तांबंही बाहेरून पांढरं दिसतं. त्यामुळे वरचा रंग बघायचाच नाही, खरवडल्यावर आतून काय निघतं ते बघायचं. लाल निघालं तर तांबं.

पुढे सगळी वायर पाइपातून ओढून काढली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. २३ मीटर भरली, वजन आवरणासकट ८७० ग्रॅम. १२ गेज ही जाडी म्हणजे आतल्या धातूच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे ३.३ स्क्वेअर एमएम. जाण्याचा आणि येण्याचा अशा दोन पदरांच्या एका मीटरमध्ये नुसतं तांबंच ५९ ग्रॅम असायला हवं, म्हणजे २३ मीटरला साडेतेराशे ग्रॅमच्या वर, आणि आवरण वेगळं. वायर १२ गेजची तरी होती का? तीही नाही. ओळखीच्या फिटरने मायक्रोमीटर लावला: एकेका पदरात ०.१८ मिलिमीटरच्या ६० बारीक तारा. गुणाकार केला तर दीड स्क्वेअर एमएम. निम्म्याहून कमी.

मग दुकानात ती इतकी जाड कशी दिसत होती? ते पारदर्शक आवरणच भिंग होतं. गोल, जाड, पारदर्शक प्लास्टिकमधून आतली तार दीडपटीपर्यंत रुंद दिसते, पाण्याच्या ग्लासात चमचा दिसतो तशी. सोलल्यावर माझ्या हातात जो झुपका आला तो बाहेरून दिसत होता त्यापेक्षा इतका बारीक होता की मी दोनदा आत-बाहेर करून पाहिलं.

आणि आता तो डेमो. याचा उलगडा निव्वळ अपघाताने झाला. मोडलेली टोकं कापून, नवीन सोलून मी वायर पुन्हा जोडली. चाळिशीचा चष्मा दुसऱ्या खोलीत, आणि त्या पारदर्शक वायरला कुठली तार अधिक, कुठली उणे हे सांगणारी एक फिकट रेघ. ख्याल लावला. चाटी ऐकू येतेय, डग्गा गायब. गायक दोन्ही भिंतींना. मी तसाच उभा राहिलो. हा आवाज मी ऐकलेला होता, त्या गालिच्यावर बसून.

डाव्या स्पीकरची अधिक-उणे टोकं उलटी लागली होती. असं झालं की एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, खर्जातल्या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात आणि मधोमध असलेला आवाज विस्कटतो. टोकं सुलटी केली, गायक जागेवर.

मी बायकोला बोलावलं. "ही साधी वायर," म्हणून उलटी जोडून ऐकवली. "आता ही भारी," म्हणून सुलटी. ती म्हणाली, "दुसरीच घे, पहिली कसली घशात अडकल्यासारखी वाजते." दोन्ही वेळा वायर तीच होती. दुकानातल्या पेटीच्या मागे मी बघितलं नव्हतं, तेव्हा तिथे हेच केलं होतं असं शपथेवर सांगू शकत नाही. पण धड वायर आणि धड वायर यांच्यात तेवढा फरक पडूच शकत नाही. माझ्या या नकली वायरचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.४ ओहम भरला (मल्टिमीटर ०.७ दाखवतो, त्यातून नुसते प्रोब एकमेकांना टेकवल्यावर दिसणारे ०.३ वजा करायचे). खऱ्या १२ गेजचा ०.१२ असता. आठ ओहमच्या स्पीकरला या दोन्हीतला फरक अर्ध्या डेसिबलच्याही आत. आवाज ऐकून मला हे कधीच कळलं नसतं, आणि याच भरवशावर हा धंदा चालतो. २००७ मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने ७,२५० डॉलरची स्पीकर केबल न बघता, केवळ ऐकून ओळखून दाखवणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले होते. ती चाचणी झालीच नाही.

खरा हिशेब अगदी छोटा आहे. जाण्या-येण्याच्या वायरचा मिळून रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा. आठ ओहमच्या स्पीकरला १५ मीटरपर्यंत दीड स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची फ्लेक्सिबल वायर पुरते, २५ मीटरपर्यंत अडीच. चार ओहमचा स्पीकर असेल तर ही अंतरं निम्मी करा. बाजारात अजून 'चाळीस-शहात्तर' मागायची पद्धत आहे, म्हणजे ०.००७६ इंची ४० तारा. ती सव्वा स्क्वेअरच्याही किंचित आत भरते. छोट्या खोलीला ठीक, माझ्या १२ मीटरला काठावर. ऑक्सिजन-फ्रीचं म्हणाल तर साधं विजेचं तांबंही ९९.९ टक्के शुद्ध असतं आणि दोघांच्या वाहकतेत टक्काभराचाही फरक नसतो.

शेवटी गेलो लॅमिंग्टन रोडलाच. टपरीएवढं दुकान. आयएसआय छापाची दोन कोअरची अडीच स्क्वेअर वायर मागितली आणि म्हणालो, टोक सोलून द्या, खरवडून बघणार आहे. दुकानदाराने न बोलता कटर पुढे सरकवला. १३० रुपये मीटर, बिलावर मीटर, आकार आणि 'कॉपर' तिन्ही. आवाज? पहिल्यासारखाच. खरखर तेवढी गेली.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला होता. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, बिलावर काय लिहिलंय? मी 'ऑडिओ केबल, १ नग' वाचून दाखवलं आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

तरी वायरचं भेंडोळं घेऊन त्या शोरूमवर गेलो. गोड मुलाने ओळख दाखवली नाही. मालक म्हणाले, "काका, कॉपर म्हणालो ना, मग वर कॉपरच आहे की. आणि कापलेली वायर आम्ही परत घेत नाही." आत गालिच्यावर एक तरुण जोडपं बसलं होतं, डेमो लागायचा होता. मी सरळ आत गेलो आणि पेटीच्या मागे वाकलो. मुलगा धावत आला, "काका, तिकडे नको, शॉक लागेल!" स्पीकरच्या वायरचा शॉक!

मालकांनी मला दंडाला धरून बाहेरच्या टेबलाशी आणलं, ड्रॉवर उघडला आणि ३,००० रुपये मोजून पुढे केले. कागद नाही, सही नाही. मी घेतले. त्या जोडप्याला जे सांगायचं होतं ते तोंडातच राहिलं, आणि म्हणून हे सगळं इथे लिहितोय. बूट घालून जिना उतरत होतो तेव्हा वरून तबला ऐकू यायला लागला. डग्ग्याशिवाय. मग खट् झालं, आणि डग्गा घुमला.