जुन्या डेस्कटॉपला वायफाय जोडायचंय: डोंगल, कार्ड की जुना राउटर?

घरात फायबर आलं की राउटर बसतो हॉलमध्ये टीव्हीजवळ, आणि डेस्कटॉप असतो आतल्या खोलीत. मोबाइलला तिथे नेट मिळतं, पण २०११-१२ साली घेतलेल्या त्या मशीनच्या मदरबोर्डवर वायफायच नसतं. एच६१ चिपसेटचे (बोर्डावरचे भाग एकमेकांशी जोडणारी इंटेलची मुख्य चिप) बोर्ड आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय३, आय५ आपल्याकडे घरांत, क्लासमध्ये, छोट्या ऑफिसांत अजून चालू आहेत. त्यात एसएसडी आणि आठ जीबी रॅम टाकली की ऑनलाइन फॉर्म, टायपिंग, हिशेब, मुलांचे व्हिडिओवरचे तास सगळं नीट होतं. अशी मशीन केवळ नेट पोचत नाही म्हणून भंगारात जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा आढावा.

काहीही विकत घेण्याआधी एक गोष्ट करा. मोबाइल घ्या आणि सीपीयूच्या मागे, जिथे डोंगल (यूएसबी पोर्टमध्ये खोचायचं छोटं वायफाय यंत्र) किंवा कार्डाची अँटेना येणार, बरोबर त्या जागी धरून स्पीड टेस्ट चालवा. टेबलावर धरून उपयोग नाही, कारण सीपीयू बहुतेकदा टेबलाखाली, भिंतीला चिकटून असतो. राउटर वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांची दोन वेगळी नावं दाखवत असेल तर दोन्हींवर टेस्ट करा. दोन्हींचं नाव एकच असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तेवढ्यापुरती वेगळी करा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं, पण भिंतींपुढे लवकर दमतं. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे किंवा आरसीसीच्या दोन भिंती ओलांडून ते पोचतच नसेल, तर महागड्या ड्युअल बँड (दोन्ही पट्ट्यांवर चालणाऱ्या) ॲडॅप्टरचा निम्मा फायदा तिथेच संपला. ही पाच मिनिटांची चाचणी खोक्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त खरं सांगते.

केबल पोचत असेल तर

विषय वायफायचा आहे हे खरं, पण लॅन केबल नेता येत असेल तर माझं मत सरळ तिच्याच बाजूने आहे. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत चालते, ड्रायव्हरचा (यंत्र ओळखायला कॉम्प्युटरला लागणारं सॉफ्टवेअर) प्रश्न जवळजवळ येत नाही, शेजाऱ्यांच्या दहा राउटरांचा त्रास नाही. दाराच्या चौकटीवरून किंवा स्कर्टिंगच्या कडेने चपटी केबल नेली तर डोळ्यांत भरतही नाही. फक्त जुन्या स्वस्त बोर्डांवर लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असू शकतो, हे ध्यानात ठेवा. घराबाहेरून, गच्चीवरून किंवा एका घरातून दुसऱ्या घरात केबल टाकणार असाल तर मात्र थांबा. पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडते तेव्हा अशा लांब उघड्या केबलमधून लॅन पोर्ट जळतात. तिथे वायफायच बरं.

भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नाही, किंवा मधे दोन खोल्या असतात. मग खरी निवड सुरू होते.

यूएसबी डोंगल

दुकानात गेलात की सगळ्यात आधी हातात येतो तो नखाएवढा नॅनो डोंगल. साधारण चारशे ते सहाशे रुपयांत मिळतो, लावायला अर्धं मिनिट. तो बहुतेकदा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि खोक्यावर १५० एमबीपीएस लिहिलेलं असतं. तो आकडा सगळं जुळून आलं तर होणाऱ्या जोडणीचा असतो. फ्लॅटच्या गर्दीत हातात तीस-चाळीस पडले तरी चांगलं म्हणायचं. एचडी व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, त्यामुळे एवढंही अनेकांना पुष्कळ आहे. अडचण वेगाची कमी आणि जागेची जास्त असते. हा इवलासा डोंगल पत्र्याच्या कॅबिनेटच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर अडकतो, आणि पुढे राउटरच्या दिशेने सगळा पत्राच. कॉल मधेच अडकतो, आणि लोक नेटवाल्याला फोन करतात.

यावर उपाय स्वस्त आहे: मीटर-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल. डोंगल टेबलावर, मॉनिटरच्या वर आणून ठेवा. मी तर म्हणेन, नॅनोपेक्षा उभ्या अँटेनाचा किंवा स्टँडसकट केबल असलेला डोंगल घ्या. ड्युअल बँडचे एसी६०० आणि एसी१३०० (आकडा म्हणजे दोन्ही पट्ट्यांचा मिळून कागदावरचा वेग) हे प्रकार हजाराच्या आसपास ते दोन हजारांपर्यंत जातात. मात्र एच६१ बोर्डांच्या चिपसेटमध्ये यूएसबी ३.० नाही, इंटेलने ते २०१२ च्या सातव्या मालिकेपासून चिपसेटमध्ये घातलं. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० एमबीपीएस, प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास. १०० किंवा २०० चा प्लॅन असेल तर काही बिघडत नाही, पण अशा मशीनसाठी वायफाय ६ चा (वायफाय ५ नंतरची वेगवान पिढी) महाग यूएसबी डोंगल घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. तुमच्या मशीनला निळे यूएसबी ३.० पोर्ट असतील तर आणखी एक गोष्ट: यूएसबी ३.० च्या वायरिंगमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर टिपण काढलं होतं. २.४ वर चालणारा डोंगल काळ्या पोर्टमध्ये लावा आणि निळ्यात लावलेल्या हार्ड डिस्कपासून दूर ठेवा.

बिनानावाचे, '९०० एमबीपीएस' छापलेले डोंगल टाळा. ड्रायव्हर कुठून आणायचा याचाच पत्ता नसतो.

पीसीआय एक्स्प्रेस कार्ड

कॅबिनेट उघडून बोर्डावर बसवायचं हे कार्ड साधारण दीड ते अडीच हजारांत येतं. डोंगलच्या तुलनेत जोडणी स्थिर, मोठ्या दोन अँटेना, तासन्‌तास वापरलं तरी तापून अडखळण्याची भीती कमी. ज्यांचं कामच दिवसभर ऑनलाइन असतं, रोज मोठ्या फाइल चढवाव्या-उतरवाव्या लागतात आणि ५ गिगाहर्ट्झ खोलीत नीट पोचतं, त्यांनी डोंगलकडे न बघता हेच घ्यावं.

पण आधी कॅबिनेट उघडून बघा. लहान एक्स१ स्लॉट मोकळा आहे का? ग्राफिक्स कार्डाखाली तो झाकला गेलेला असतो. एक्स१ नसेल तर हे कार्ड मोठ्या एक्स१६ स्लॉटमध्येही चालतं, पण जुन्या पांढऱ्या पीसीआय स्लॉटमध्ये बसतच नाही. ऑफिसातून निघालेले सडपातळ डेस्कटॉप सेकंडहँड घेतले असतील तर अर्ध्या उंचीची पट्टी कार्डासोबत येते ना, हे विचारा. ब्लूटूथ हवं असेल तर कार्डापासून बोर्डावरच्या नऊ पिनांच्या यूएसबी हेडरला वेगळी वायर जोडावी लागते. ती राहिली की वायफाय चालतं आणि ब्लूटूथ गायब.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विंडोज. इंटेलच्या एएक्स२०० आणि एएक्स२१० चिपवरच्या कार्डांना विंडोज १०, तेही ६४ बिट, लागतं. विंडोज ७ वर ती चालणार नाहीत. तिथे वायफाय ५ चं जुनं कार्ड बघावं लागेल. नुसती चिप आणि ॲडॅप्टर वेगवेगळे घेऊन जुळवणार असाल तर एएक्स२०१, एएक्स२११ हे नंबर सोडून द्या. त्यांचं अर्धं काम इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये होतं, जुन्या बोर्डावर ती मुकीच राहतात.

अँटेनांचा प्रश्न इथेही सुटत नाही. त्या कार्डालाच, म्हणजे पुन्हा पत्र्याच्या मागे असतात. वायरवर, चुंबकाच्या बैठकीवर उभी राहणारी अँटेना असलेलं कार्ड मिळालं तर दोनशे-तीनशे रुपये जास्त गेले तरी घ्या.

जुना राउटर किंवा खिशातला राउटर

हा पर्याय दुकानात कुणी सुचवत नाही, आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो. घरातला जुना किंवा खिशाएवढा छोटा राउटर घ्यायचा, त्याला क्लायंट मोडमध्ये टाकायचं. तो घरातलं वायफाय पकडतो आणि आखूड लॅन केबलने डेस्कटॉपला देतो. कॉम्प्युटरला वाटतं केबलच लावलीय. नवा ड्रायव्हर लागत नाही. विंडोज ७ असो, लिनक्स असो, उद्या फॉरमॅट मारा, काही फरक पडत नाही. लॅन पोर्ट असलेला रेंज एक्स्टेंडरही हेच करतो. टेबलावर जिथे रेंज चांगली तिथे ठेवता येतो, हा आणखी फायदा.

तोटे आहेत. स्वस्त राउटरचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचा असतो, त्यामुळे खोक्यावर ३०० लिहिलं तरी वरची मर्यादा तीच. त्याला वेगळा प्लग लागतो. आणि सेटिंगमध्ये 'क्लायंट' ऐवजी 'डब्ल्यूआयएसपी' (राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क बनवतो तो मोड) निवडलं तर डेस्कटॉप वेगळ्या नेटवर्कमध्ये जातो. नेट चालतं, पण डेस्कटॉपला जोडलेला प्रिंटर मोबाइलला दिसत नाही.

डीटीपीवाल्यांसाठी, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर जुळवणाऱ्यांसाठी, हा पर्याय मुद्दाम सांगतोय. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, ती चालायला लागणारा लॉक (पोर्टला लावायची किल्ली) आणि पानं जुळवायचं जुनं पेजमेकर अजून विंडोज एक्सपी किंवा ७ वर चालवणारे प्रेस आहेत. त्या मशीनला नवा डोंगल चालेलच असं नाही, राउटर चालतो. पण तिथे माझी कळकळीची विनंती आहे: विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, एक्सपीला तर २०१४ पासून. अशी मशीन प्रिंटर आणि फाइलींच्या देवाणघेवाणीपुरती नेटवर्कमध्ये आणा, तिच्यावर ईमेल आणि बँक उघडू नका.

उरलेले दोन

मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं नेट कॉम्प्युटरला देण्याची सोय) चालू केलं की बहुतेक अँड्रॉइड फोन स्वतः पकडलेलं वायफायही कॉम्प्युटरला देतात. कायमची सोय म्हणून हे वाईट, कारण फोन सतत चार्जिंगला राहतो. पण नव्या डोंगलचा ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, या कोंडीतून हेच सोडवतं.

विजेच्या वायरमधून नेट नेणारे पॉवरलाइन ॲडॅप्टर मी सुचवणार नाही. जुनं वायरिंग, इन्व्हर्टरची वेगळी लाइन, वेगवेगळे फेज आणि स्पाइक गार्ड यांत वेग कुठे हरवेल सांगता येत नाही.

मग घ्यायचं काय?

विंडोज १० असेल आणि वापर घरगुती असेल तर ड्युअल बँडचा, अँटेनावाला डोंगल आणि सोबत एक्स्टेंशन केबल. दिवसभराचं काम असेल आणि स्लॉट मोकळा असेल तर कार्ड. विंडोज ७ किंवा त्याआधीचं असेल तर राउटर.

विंडोज १० ची नेहमीची अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि ही मशीन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळायचा विचार असेल तर डोंगल घेतानाच चिप विचारा. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू आणि एमटी७९२१एयू चिपचे ड्रायव्हर लिनक्समध्येच असतात, लावलं की चालू. मॉडेलच्या नावावर विसंबू नका: टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या एकाच नावाखाली पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची, आणि लिनक्सवर दोघींची वागणूक अगदी वेगळी. आवृत्तीचा आकडा खोक्याच्या मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात असतो. आणि डोंगल जुनाच असेल, घरचं नेटवर्क त्याला जोडताच येत नसेल, तर राउटर फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायच्या पासवर्डच्या सुरक्षेची नवी पद्धत) वर ठेवलाय का ते पहिल्यांदा बघा. डब्ल्यूपीए२ आणि ३ चं मिश्र सेटिंग केलं की बहुधा तो जोडला जातो.