सात महिने, दोन चिमुकल्या सीड्या आणि गळा नसलेला गायक

आधी इशारा. गाडीतल्यासारखा, फटीतून सीडी ओढून घेणारा प्लेअर असेल तर 'द एक्स' या डच बँडचं '१९३६' त्यात चुकूनही घालू नका. १९९७च्या आवृत्तीत १४४ पानी फोटोपुस्तकासोबत दोन सीड्या येतात, त्या ८ सेंटिमीटरच्या. मी पहिल्याच दिवशी एक गाडीत सरकवली. आत गेली ती गेलीच. डॅशबोर्ड उघडून काढावी लागली. घरातल्या जुन्या, ट्रेवाल्या प्लेअरमध्ये मधल्या खोलगट गोलात ठेवली की बिनतक्रार वाजते.

घेतलं होतं खरं तर फोटोंसाठी. १९३६ साली स्पेनमध्ये जनरल फ्रँकोचं बंड झालं आणि बार्सिलोनात कामगारांनी ट्रामपासून कारखान्यांपर्यंत सगळं आपल्या ताब्यात घेतलं, तो काळ. सीएनटी या तिथल्या अराज्यवादी कामगार संघटनेचं दफ्तर आज ॲमस्टरडॅमच्या सामाजिक इतिहास संस्थेत आहे, त्यामुळे क्रांतीच्या पन्नाशीला, १९८६ मध्ये, हे काम डच पंकवाल्यांनी काढलं याचं नवल वाटायला नको. गाणी चारच: दोन यादवीतली जुनी स्पॅनिश, दोन यांची स्वतःची.

आणि गायक जी. डब्ल्यू. सोक. हे टोपणनाव. पहिला महिनाभर माझं एकच मत होतं, या माणसाला गळा नाही. सूर धरत नाही, बोलतो, मध्येच शब्द फेकून मारतो. १९७९ मध्ये बँड निघाला तेव्हा कुणी काय करायचं ते म्हणे काड्या ओढून ठरवलं, आणि भिंतीवर पटकन फवारता यावं म्हणून नाव एवढंसं. वाटलं, काडी चुकीच्या माणसाला लागली.

तिसऱ्या महिन्यात भांडी घासताना लक्षात आलं, की मला शब्द पाठ झालेत. गिटारी एकाच जागी कुऱ्हाड घालत असतात आणि सोक त्या दोन घावांच्या मधल्या फटीत शब्द ठेवतो. एक अक्षर गिळत नाही. गाणारा गायक इथे आडवाच आला असता.

मग बाकीचं शोधत गेलो. १९९१चा टॉम कोराच्या चेलोबरोबरचा अल्बम आधी घ्या. २००६ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या इथिओपियन सॅक्सोफोनवादक गेताचेव मेकुर्याबरोबर केलेला माझा सर्वांत लाडका. त्या सॅक्सोफोनपुढे सोकचा कोरडा आवाज मिठासारखा लागतो. २००९ मध्ये, तीस वर्षांनी, तो बँडमधून बाहेर पडला. त्याच्या जागी आर्नोल्ड द बूर आला. तोही चांगलाच आहे, पण मला अजून सवय नाही. सोकनं पुढे किंग चॅम्पियन साउंड्स या बँडमध्ये सूर लावला (म्हणजे लावला नाहीच), आणि २०११ मध्ये त्याच्या गीतांचं पुस्तकही आलं.

तक्रार एवढीच, की दर दोन गाण्यांनंतर उठून सीडी बदलावी लागते. गाडीतला प्लेअर तेव्हापासून फक्त रेडिओ ऐकवतो.