कॅफे जोखताना

कॅफेविषयी लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक अभिप्रायांत भिंतींचे रंग, कुंड्या आणि टांगते दिवे यांना जितकी जागा मिळते, तितकी कपातल्या कॉफीला मिळत नाही. सजावट छायाचित्रात दिसते, चव दिसत नाही, हे त्याचे उघड कारण. परंतु जिथे माणूस आगाऊ जागा न राखता शिरतो, एखादी कॉफी आणि सोबत काहीतरी खायला मागवतो व तासाभराने उठतो, अशा साध्या कॅफेचा निवाडा सजावटीवरून करणे मला पटत नाही. अशा ठिकाणी एरवी नजरेत न भरणाऱ्या कामांची किती निगा राखली जाते, एवढेच मी पाहतो, आणि बाकीचे सारे गुणदोष बहुधा त्यातूनच उलगडत जातात.

पहिल्या भेटीत बिनदुधाची, बिनसाखरेची एस्प्रेसो मागवावी, कारण तिच्यात काहीच झाकता येत नाही. साधारण ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी सुमारे ९ बार (म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळजवळ नऊपट) दाबाने बारीक दळलेल्या कॉफीतून जाते, आणि १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅमच्या आसपास पेय २५ ते ३० सेकंदांत उतरावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. पाणी भरभर निघून गेले तर कॉफी पातळ आणि आंबट लागते. रेंगाळले तर कडू होते आणि जिभेवर कोरडेपणा ठेवून जाते. १९६१ साली आलेल्या फाएमा कंपनीच्या ई६१ यंत्राने विजेच्या पंपाचा वापर रूढ केला, तेव्हापासून दाब सांभाळण्याचा भार माणसाच्या हातावर राहिला नाही. दळणाचे मात्र तसे नाही. बिया जुन्या होत जातात, हवेतला दमटपणा बदलतो, आणि त्यानुसार दळण दिवसातून एकदोनदा तरी कमीजास्त बारीक करावे लागते. सकाळी कॉफी चांगली आणि दुपारी आंबट मिळाली, तर मध्यंतरी कोणी ती चाखून पाहिली नाही असे खुशाल समजावे. खवट वास हा त्याहून मोठा दोष होय, कारण तो बियांच्या भांड्यात किंवा यंत्राच्या जाळीत साचून राहिलेल्या जुन्या तेलाचा असतो.

दुधाच्या कॉफीची पारख काउंटरपाशी उभे राहूनही होते. दूध साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवले की त्याचा गोडवा चांगला जाणवतो. ७० अंशांच्या पुढे त्याला उकळलेल्या दुधाचा वास येऊ लागतो आणि फेसाचा मऊपणा जातो. उरलेले दूध पुन्हा तापवून वापरले, तर बारीक, रेशमी फेस येत नाही, मोठे बुडबुडे येतात. दूध तापवणारी वाफेची नळी प्रत्येक वापरानंतर पुसली जाते की तिच्यावर वाळलेल्या दुधाचा थर आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते, आणि थर दिसला की आतले स्वयंपाकघर पाहण्याची गरज मला उरत नाही. फेसावर काढलेल्या नक्षीचे कौतुक मीही करतो, पण ती फेसाची आणि हाताच्या सफाईची साक्ष देते, खालच्या एस्प्रेसोची नव्हे.

खाद्यपदार्थांत काचेच्या थंड कपाटातील सँडविच हा सर्वांत बोलका पुरावा आहे. फ्रिजच्या तापमानात पावातील पिष्ट लवकर घट्ट होते, त्यामुळे तिथे पाव बाहेरच्यापेक्षा वेगाने शिळा होतो. उलट आतले सारण खराब होऊ नये म्हणून ते थंडच ठेवावे लागते. या पेचातून सुटण्याचा प्रामाणिक मार्ग म्हणजे सँडविच मागणीनंतर रचणे किंवा थोडीथोडी करून दिवसभरात संपवणे. क्रोसाँ, म्हणजे लोण्याचा पापुद्रेदार पाव, मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर मिनिटभर मऊ राहतो आणि मग चामड्यासारखा चिवट होतो. ओव्हनमध्ये वेळ लागतो, म्हणून ‘पाच मिनिटे थांबावे लागेल’ असे सांगणाऱ्या कॅफेला मी आधीच एक गुण अधिक देतो. गोठवलेला कच्चा क्रोसाँ तिथल्या तिथे भाजून देण्यात काही वावगे नाही, पण तो हाताने घडवल्याची पाटी वर लावू नये.

सेवेबद्दल माझ्या अपेक्षा मोजक्या आहेत. आत आल्यावर बसायचे की रांगेत उभे राहायचे, हे ग्राहकाला विचारावे लागू नये. कॉफी आणि खाणे शक्यतो बरोबर यावे. आणि पदार्थात सुकामेवा किंवा दूध आहे का, या प्रश्नाला ‘बहुधा नसावे’ असे उत्तर मिळू नये. ‘विचारून सांगतो’ हे उत्तर पुरेसे चांगले आहे. ओढूनताणून दाखवलेल्या उत्साहाचे गुण मी धरत नाही.

वातावरण म्हणजे माझ्या मते सर्वप्रथम आवाज. काच, काँक्रीट आणि उघडे लाकूड यांवरून आवाज परततो, त्यात दळणयंत्राची घरघर आणि कॉफीचा चोथा ठोकून काढण्याचा दणका मिसळतो, आणि मग गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, ही १९११ साली एतिएन लोंबार या फ्रेंच वैद्याने मांडलेली गोष्ट टेबलागणिक घडू लागते. एका टेबलाने आवाज चढवला की शेजारचे चढवते, आणि कर्मचारी गर्दीवर मात करण्यासाठी संगीत वाढवतात, हे तर हमखास. समोरच्याचे बोलणे पुढे न वाकता ऐकू आले, तर बैठक, उजेड आणि प्रसाधनगृह यांतल्या किरकोळ उणिवा मी सोडून देतो. एक पेला घेऊन लॅपटॉपसह तासन्‌तास बसणाऱ्यांना आवर घालायचा कॅफेला अधिकार आहे, कारण खुर्च्यांवरच त्याचे उत्पन्न चालते. मात्र तो नियम दारातच लिहिलेला असावा, काम ऐन रंगात असताना येऊन सांगितलेला नसावा.

अभिप्राय लिहिताना भेट कोणत्या वेळेची होती, हे नोंदवावे, कारण निवांत सकाळचा कॅफे आणि गर्दीच्या वेळचा कॅफे यांत बराच फरक पडतो. नव्याने उघडलेल्या ठिकाणाला सुरुवातीचे काही आठवडे सेवेतील गोंधळाबद्दल सूट देण्यास माझी हरकत नाही. वाफेची नळी पुसण्याबाबत मात्र ती सूट नाही, कारण त्या कामाला सवयीची नव्हे, ओल्या फडक्याची गरज असते.