आधी कोणाला गिरवायचं: कार्टर, बेल की स्टब्ज?

मानवाकृती काढताना हातपाय नळ्यांसारखे दिसत असतील, तर हाडं-स्नायू शिकण्यावाचून गत्यंतर नाही. ब्रिटिश चित्रकारांपैकी कोणाला गिरवावं, असं विचारलंत तर मी सांगेन, आधी हेन्री व्हॅन्डाइक कार्टर.

१८५८ साली निघालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या शरीररचनेच्या पुस्तकातली चित्रं कार्टरची. त्या काळच्या बऱ्याच पुस्तकांत अवयवावर नुसता आकडा किंवा अक्षर असे, नाव दुसरीकडे शोधावं लागे. कार्टरच्या चित्रांत नाव थेट स्नायूवरच येतं, त्याच्या लांबीच्या दिशेने. कोपराखालच्या हाताचं चित्र गिरवून बघा. त्या अक्षरांच्या मागे पेन्सिल गेली की जाडजूड स्नायू मनगटाकडे निमुळता कसा होतो, ते बोटांना कळतं. हाडांच्या चित्रांत तर कोणता स्नायू कुठे चिकटतो, तेही दाखवलंय. त्याच वर्षी कार्टर मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. इतका आपल्या जवळचा माणूस, आणि आपल्या चित्रकलेच्या वर्गांत त्याचं नावही निघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कार्टरच्या माणसांना वेदना मात्र होत नाहीत. ती बघायची तर चार्ल्स बेल. हा एडिंबरात शिकलेला सर्जन, चित्रं स्वतःच काढायचा. चेहऱ्यावरच्या भावांमागची शरीररचना सांगणारं त्याचं पुस्तक १८०६ चं, तेही चित्रकारांसाठी लिहिलेलं. कपाळाला आठी घालणाऱ्या छोट्याशा स्नायूला त्याने फार महत्त्व दिलं. १८०९ मध्ये स्पेनमधल्या कोरुन्याच्या लढाईतले जखमी त्याने पाहिले. धनुर्वात झालेल्या सैनिकाचं त्याचं चित्र एकदा पाहाच: डोकं आणि टाचा टेकलेल्या, मधलं अख्खं शरीर कमानीसारखं उचललेलं. धनुर्वातातलं धनुष्य तिथे डोळ्यांना दिसतं. पण सुरुवातीलाच बेल गिरवलात तर आवेश येईल, सांधे चुकतील. व्यक्तिचित्रंच काढायची असतील तर गोष्ट वेगळी, मग खुशाल बेलपासून सुरू करा.

जॉर्ज स्टब्ज घोड्यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध. सत्तरीत त्याने माणूस, वाघ आणि कोंबडी यांच्या शरीररचनेची तुलना हाती घेतली, ती १८०६ मध्ये मरेपर्यंत चालली. त्यात माणसाचा सापळा रांगताना काढलाय, वाघाशेजारी ठेवून बघता यावा म्हणून. प्राणीही काढणार असाल, तर कार्टरचे खांदे आणि कंबर हातात बसल्यावर याच्याकडे वळा.